ज्यांच्या हाती कप आला नाही

भाकरी तव्यावर असेल तर असू द्या, हात चालू द्या आणि कान इकडे द्या. आज आम्ही क्रिकेटची गोष्ट सांगणार आहोत. ज्यांना क्रिकेट कळत नाही त्यांनी रेडिओ बंद करू नका. ही गोष्ट बायांची आहे आणि हिशेबाची आहे, आणि हिशेब तर आपल्याला चांगला कळतो.

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र तुमच्यापैकी बऱ्याच जणींना आठवत असेल. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि वर्ल्डकप जिंकला. सामना संपला तेव्हा बारा वाजून गेले होते. आपली सांगलीची स्मृती मानधना त्या संघात होती. गावोगावी फटाके वाजले.

पण आज आम्हाला बोलायचं आहे ते हा कप ज्यांना कधीच मिळाला नाही त्यांच्याबद्दल. आयुष्यभर खेळल्या, जगात नाव काढलं आणि कपाशिवाय घरी गेल्या, अशा बायांबद्दल.

गोष्ट सुरू होते १९७३ साली. त्या वर्षी भारतात महिला क्रिकेट संघटना उभी राहिली. बायांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली ती आपल्या पुण्यात. संघ किती? तीन! मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बायांचा पहिला वर्ल्डकप झाला. पुरुषांचा पहिला वर्ल्डकप १९७५ चा, म्हणजे या बाबतीत बाया दोन वर्षं पुढेच होत्या. त्या पहिल्या स्पर्धेत भारताचा संघ मात्र नव्हता.

१९७६ मध्ये शांता रंगास्वामी कर्णधार असताना भारताच्या मुली वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळल्या. त्याच मालिकेत पाटण्याला त्यांनी पहिला कसोटी विजय मिळवला. बायांचा खेळ बघायला तिथं हजारोंनी माणसं आली होती. १९७८ मध्ये भारत पहिल्यांदा वर्ल्डकप खेळला, तोही आपल्याच देशात. कर्णधार होत्या मुंबईच्या डायना एडलजी. तीन सामने झाले आणि तिन्ही हरले.

आता विचार करा. पहिल्याच मोठ्या स्पर्धेत तीनपैकी तीन हार. आपल्या गटाने पहिल्याच प्रदर्शनात पापडाचा स्टॉल लावला आणि सगळा माल परत आणला, तर पुढच्या मीटिंगला किती जणी येतील?

त्या बाया आल्या. तेव्हा संघटनेकडे पैसा नव्हता. खेळाडू रेल्वेच्या जनरल डब्यातून प्रवास करायच्या, मोठ्या हॉलमध्ये एकत्र झोपायच्या, बॅट आणि पॅड आपसात वाटून वापरायच्या. घरून परवानगी काढायची ती वेगळीच. डायना एडलजी तीन वर्ल्डकप खेळल्या, त्यातल्या दोनांत कर्णधार होत्या. कप मिळाला नाही. पण त्यांनी एका गोष्टीचा पाठपुरावा सोडला नाही. महिला क्रिकेटपटूंना रेल्वेत नोकरी मिळाली पाहिजे, हा त्यांचा धोशा होता. पोरीच्या हातात पगार असला की घरचे ‘आता खेळ पुरे’ असं सहज म्हणू शकत नाहीत, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पुढे रेल्वेचा महिला संघ देशात सगळ्यात बळकट झाला. आता जिची गोष्ट सांगणार आहोत ती मिताली राजसुद्धा रेल्वेकडूनच खेळली.

१९९७ मध्ये वर्ल्डकप पुन्हा भारतात झाला. आपला संघ उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून १९ धावांनी हरला. अंतिम सामना कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये. सीमारेषेबाहेर गेलेला चेंडू आणून द्यायला काही मुली उभ्या केल्या होत्या. त्यात पंधरा वर्षांची एक उंच, सडसडीत मुलगी होती, चकदा नावाच्या छोट्या गावची. तिचं नाव झुलन गोस्वामी. दुसऱ्या देशांच्या बाया कपासाठी खेळताना तिने जवळून पाहिल्या. सरावासाठी ती पहाटेच्या लोकलने कोलकात्याला जायची. पुढे हीच झुलन एकदिवसीय सामन्यांत २५५ बळी घेऊन जगात पहिली आली.

तिच्याच वयाची मिताली राज. दोघींचा जन्म १९८२ चा, एकमेकींपासून आठवड्याच्या अंतराने. मिताली १९९९ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना खेळली आणि त्यातच नाबाद ११४ धावा काढल्या. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये कसोटीत २१४ काढल्या. निवृत्त झाली तेव्हा एकदिवसीय सामन्यांतल्या तिच्या धावा होत्या ७८०५, जगात सगळ्यात जास्त.

२००५ साली मिताली बावीस वर्षांची होती आणि कर्णधार होती. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्डकपमध्ये तिने उपांत्य सामन्यात नाबाद ९१ धावा करून न्यूझीलंडला हरवलं. भारताच्या बाया पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोहोचल्या. समोर ऑस्ट्रेलिया. त्यांनी २१५ केल्या, आपला डाव ११७ वर संपला. ९८ धावांनी हार.

जगात दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या या मुलींना किती पैसे मिळाले असतील? मितालीनेच नंतर मुलाखतीत सांगितलं आहे, एका सामन्याचे हजार रुपये. आठ सामन्यांचे आठ हजार. घरी परतल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना रस्त्यात कुणी ओळखतही नव्हतं. पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, महिला क्रिकेटचा कारभार पुरुषांचं क्रिकेट चालवणाऱ्या भारतीय क्रिकेट मंडळाकडे गेला. पण दिवस बदलायला आणखी बरीच वर्षं लागली.

मग आलं २०१७. इंग्लंडमधलं लॉर्ड्सचं मैदान, २३ जुलै, पुन्हा अंतिम सामना. मिताली कर्णधार, झुलन गोलंदाज. झुलनने २३ धावांत तीन बळी घेतले. इंग्लंडच्या २२८ झाल्या. आपल्या मुंबईच्या पूनम राऊतने ८६ धावा काढल्या, पंजाबच्या हरमनप्रीत कौरने ५१. भारत ३ बाद १९१ वर होता. कप अगदी दाराशी आला होता. तिथून पुढच्या २८ धावांत सात जणी बाद झाल्या. ९ धावांनी सामना गेला. एकवीस वर्षांची स्मृती मानधना त्या दिवशी शून्यावर बाद झाली होती.

पण त्या हरलेल्या सामन्याने जे केलं ते आधीच्या कुठल्या विजयानेही केलं नव्हतं. तो सामना घराघरात टीव्हीवर दिसला. हरमन कोण, झुलन कोण, हे लोकांना कळलं. मंडळाने प्रत्येक खेळाडूला ५० लाख रुपये दिले. मुलीला क्रिकेट शिकवा असं सांगत आईबाप मैदानावर येऊ लागले. २०२० च्या ८ मार्चला, म्हणजे महिला दिनालाच, मेलबर्नला वीस षटकांच्या वर्ल्डकपचा अंतिम सामना झाला. ८६ हजारांवर लोक बायांचा सामना बघायला बसले होते. तिथंही भारत ऑस्ट्रेलियाकडून ८५ धावांनी हरला. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने भारताच्या पुरुष आणि महिला खेळाडूंना सामन्याचं मानधन सारखं केलं. समान कामाला समान दाम म्हणजे काय, हे शेतात मजुरीला जाणाऱ्या आपल्या बायांना सांगायला नको.

मिताली आणि झुलनला मात्र कप मिळाला नाही. २०२२ चा वर्ल्डकप ही त्यांची शेवटची संधी होती. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध जिंकायलाच हवं होतं. झुलन दुखापतीमुळे बाहेर बसली होती. मितालीने ६८ काढल्या. शेवटचं षटक दीप्ती शर्माच्या हातात आलं. तिच्या चेंडूवर झेल घेतला गेला, सगळ्यांनी आनंदाने उड्या मारल्या, आणि मग कळलं की तो नो-बॉल होता. पाऊल रेषेच्या थोडं पुढे पडलं होतं. शेवटच्या चेंडूवर सामना गेला. जूनमध्ये मिताली निवृत्त झाली, सप्टेंबरमध्ये झुलन. झुलनचा शेवटचा सामना लॉर्ड्सलाच होता.

आता पुन्हा २०२५ कडे येऊ. या संघाचे प्रशिक्षक कोण होते? मुंबईचे अमोल मुझुमदार. पदार्पणाच्याच रणजी सामन्यात त्यांनी २६० धावा काढल्या होत्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांच्या वर धावा केल्या, मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. भारताकडून खेळण्याची संधी त्यांना एकदाही मिळाली नाही. वर्षानुवर्षं दारात उभं राहूनही ज्याला आत बोलावलं नाही, असा माणूस या मुलींना शिकवत होता. या स्पर्धेतही साखळीत भारत सलग तीन सामने हरला होता. हरल्यावर माणसाच्या मनाचं काय होतं, हे मुझुमदारांना कुणी सांगावं लागलं नसेल.

अंतिम सामन्यात दीप्ती शर्माने ५८ धावा काढल्या आणि ३९ धावांत पाच बळी घेतले. हीच ती नो-बॉलवाली दीप्ती, समोर तोच दक्षिण आफ्रिकेचा संघ. संपूर्ण स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. शून्यावर बाद झालेली स्मृती या स्पर्धेत भारताकडून सगळ्यात जास्त धावा करणारी ठरली. त्या एका नो-बॉलनंतर दीप्तीला घरी बसवलं असतं तर? एका शून्यानंतर स्मृतीला ‘तुला जमत नाही’ म्हटलं असतं तर?

कप घेतल्यावर या मुलींनी एक गोष्ट केली. मैदानावर आलेल्या मिताली, झुलन आणि त्यांच्याआधी कर्णधार राहिलेल्या अंजुम चोप्रा यांना बोलावलं आणि कप त्यांच्या हातात दिला. झुलन हरमनच्या गळ्यात पडून रडली. सासरी सुखात पडलेल्या लेकीने पहिलं लुगडं आईला आणावं, तसं ते होतं.

मैत्रिणींनो, इथं गोष्ट संपवली तर सगळं गोड होईल. पण आम्हाला तसं करायचं नाही. हरलेल्या प्रत्येकीला शेवटी कोणीतरी कप आणून देतं, असं नसतं. १९७८ च्या संघातल्या कितीतरी जणींची नावं आज आम्हालाही सांगता येणार नाहीत. त्यांना त्या रात्री कुणी मैदानात बोलावलं नाही. पण त्या तीन हारींनंतर त्यांनी बॅट खाली ठेवली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं. गटात पहिली काही वर्षं वीस-वीस रुपये टाकणाऱ्या ज्या बाया पुढे गाव सोडून गेल्या, त्यांना मोठं कर्ज कधी मिळालं नाही. तरी आज बँक आपल्याला दारात उभी करते, ती त्यांच्या त्या वीस रुपयांच्या नोंदीवर.

आणि आता कामाचं बोलू. आपल्या गावात मुली खेळतात. कबड्डी, खो-खो, धावणं. शाळेतून तालुक्याला जातात. तिथं हरून येतात आणि घरात एक वाक्य ऐकू येतं, ‘झालं ना आता? बस कर.’ बूट घ्यायचे पैसे नसतात, गाडीभाड्याची अडचण असते, आणि हार हे थांबवायचं सोपं कारण मिळतं. मुलगा हरला तर म्हणतात पुढच्या वर्षी जिंकेल. मुलगी हरली की स्थळं बघायला लागतात. हे वाक्य घरात पुष्कळदा आपणच बोलतो, बायाच. खर्च आपल्याला दिसतो आणि काळजी आपल्याला वाटते, म्हणून बोलतो.

तर आमचं एवढंच मागणं आहे. पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये बचत आणि कर्जाचं कामकाज झालं की एक विषय घ्या. आपल्या वस्तीतली कोणती मुलगी मागच्या वर्षापर्यंत खेळत होती आणि आता खेळत नाही? का थांबली? बूट नाहीत म्हणून असेल, तर गटाच्या अंतर्गत कर्जातून बूट बसतात का ते बघा. सोबत जायला कुणी नाही म्हणून असेल, तर आळीपाळीने दोघी जणी जा. काय ठरलं ते इतिवृत्तात तारीख घालून लिहा आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. ती मुलगी जिंकेल की नाही, ते आपल्याला आज कळायचं नाही. तिला पुढचा सामना मिळतो की नाही, तेवढं मात्र आपल्या हातात आहे.

बरं, येतो आम्ही. पुढच्या भेटीत बोलू.