जुना बास अ‍ॅम्प घेतला आणि तो बिघडलेला निघाला? आधी काय तपासायचं, पैसे परत कसे मागायचे?

कॉलेजचा बँड फुटला, कुणी नोकरीसाठी बाहेरगावी निघालं, कुणाच्या घरात जागा उरली नाही, की बास गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर विकायला निघतो. फोटो छान असतात, किंमत नव्याच्या निम्मी असते आणि विकणाऱ्याच्या घरी दोन मिनिटं वाजवून पाहिल्यावर आवाजही बरा येतो. घरी आणून अर्धा तास वाजवला की मात्र गुणगुण, खरखर सुरू होते, किंवा आवाज एकदम बंदच पडतो.

अशा वेळी दोन चुका हमखास होतात. एक, चिडून विकणाऱ्याला फोन लावणं. दुसरी, स्क्रू ड्रायव्हर घेऊन अ‍ॅम्प उघडणं. या दोन्हींच्या आधी काय करायचं ते पाहू.

आधी हे करू नका

अ‍ॅम्पचा प्लग काढला तरी आतले मोठे कपॅसिटर वीज साठवून ठेवतात. व्हॉल्व्हच्या (ट्यूबच्या) अ‍ॅम्पमध्ये हा दाब 400 ते 500 व्होल्ट किंवा त्याहून जास्त असू शकतो. हा धक्का जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे कपॅसिटर रिकामा करायचं काम येत नसेल तर झाकण उघडू नका.

- गुणगुण थांबते म्हणून तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढू नका. आत बिघाड झाला तर वीज गिटारच्या तारांमधून थेट तुमच्या बोटांपर्यंत येऊ शकते.
- उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका. त्याच क्षमतेचा नवा फ्यूज लगेच उडाला तर आत शॉर्ट आहे असं समजा. तिसरा फ्यूज घालून काही मिळत नाही.
- व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि दुरुस्तीत सगळ्यात महाग पडणाऱ्या भागांपैकी तो एक आहे.

बिघाड नक्की अ‍ॅम्पमध्येच आहे का?

अनेकदा दोष गिटारच्या केबलमध्ये असतो. म्हणून आधी दुसरी केबल, दुसरी गिटार आणि दुसरा प्लग पॉइंट वापरून पाहा. बासमध्ये बॅटरी असेल तर ती बदला. घरातल्या पॉइंटला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींमध्ये तिसरं भोक असतं, पण त्यामागे तार नसते.

हेड आणि कॅबिनेट वेगळे असतील तर त्यांना जोडणारी वायर पाहा. तिथे स्पीकर केबलच लागते. गिटारची केबल दिसायला सारखी असली तरी तिची आतली तार बारीक असते. ती तापते आणि अ‍ॅम्पलाही धोका पोहोचवते.

अ‍ॅम्प परदेशातून आलाय का?

नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेले अ‍ॅम्प आपल्याकडे बरेच विकले जातात. तिथली वीज 120 व्होल्टची, जपानची 100 व्होल्टची आणि आपली 230 व्होल्टची. मागच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचा. '100-240' असेल तर प्रश्न नाही. फक्त '120' असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याची क्षमता अ‍ॅम्पच्या वीजवापरापेक्षा जास्त हवी. असा अ‍ॅम्प आधीच्या मालकाने किंवा तुम्ही थेट 230 वर लावला असेल, तर बिघाडाचं कारण बहुतेक तेच असतं.

आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा?

*सतत गुणगुण:* व्हॉल्यूम शून्यावर आणा. गुणगुण गेली तर दोष केबल, गिटार किंवा प्रीअ‍ॅम्पमध्ये आहे. तशीच राहिली तर पॉवर सप्लायकडे संशय जातो. जुन्या अ‍ॅम्पमध्ये फिल्टर कपॅसिटर वाळल्यामुळे असं होतं.

*बटण फिरवताना खरखर:* आतल्या पॉटवर धूळ किंवा गंज चढलाय. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्यातल्या दमटपणामुळे हे हमखास होतं. कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा काम भागतं. हा सगळ्यात स्वस्त बिघाड आहे, त्यावरून भांडू नका.

*आवाज मध्येच जातो, थाप मारली की येतो:* जॅक सैल झालाय, किंवा कुठेतरी सोल्डरिंग सुटलंय. मागे 'सेंड' आणि 'रिटर्न' असे दोन जॅक असतील तर एका छोट्या केबलने ते एकमेकांना जोडा. आवाज परत आला तर रिटर्न जॅकच्या आतला संपर्क गंजलाय. दुरुस्ती छोटी आहे.

*वीस मिनिटांनी बंद, थंड झाल्यावर पुन्हा सुरू:* अ‍ॅम्प जास्त तापतोय. पंखा बंद असेल, जाळीत धूळ भरली असेल, किंवा कमी ओहमचं कॅबिनेट जोडलं असेल. 8 ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की एकूण 4 ओहम होतात, 4 ओहमची दोन जोडली की 2. अ‍ॅम्पवर लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली जाऊ नका.

*आवाज फाटतो:* बासची सगळ्यात जाड तार सुमारे 41 हर्ट्झला वाजते, म्हणजे साध्या गिटारच्या जाड तारेच्या बरोबर निम्म्या कंपनसंख्येला. एवढा खालचा सूर काढताना स्पीकरचा कागद बराच पुढेमागे हलतो, म्हणून बास अ‍ॅम्पचे स्पीकर आधी जातात. अ‍ॅम्प बंद करा, जाळी काढा आणि दोन्ही हातांची बोटं कागदावर सारखी ठेवून तो हळूच आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल बिघडलीय. पण त्याआधी कॅबिनेटचे स्क्रू आणि हँडल घट्ट करून पाहा. कधी कधी 'फाटलेला' आवाज तिथूनच येतो.

तीन चाचण्यांत जागा पक्की करा

1. हेडफोन किंवा लाइन आउटमधून ऐका. तिथे आवाज स्वच्छ असेल तर प्रीअ‍ॅम्प ठीक आहे आणि दोष पॉवर अ‍ॅम्प किंवा स्पीकरमध्ये आहे.
2. 'रिटर्न' जॅकमध्ये मोबाइलवरचं गाणं कमी आवाजात सोडा. ते नीट ऐकू आलं तर पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर ठीक आहेत.
3. वेगळं कॅबिनेट असेल तर ते अ‍ॅम्पपासून सोडवून मल्टिमीटरने मोजा. 8 ओहमचा एकच स्पीकर असेल तर सुमारे 6 दिसायला हवेत. काहीच वाचन येत नसेल तर कॉइल तुटली आहे किंवा वायर सुटली आहे.

प्रत्येक चाचणीचा व्हिडिओ काढा. पुढे मेकॅनिकला आणि विकणाऱ्याला तोच दाखवायचा आहे.

दुरुस्ती करावी की परत द्यावा?

मेकॅनिककडून आधी अंदाज घ्या, आणि शक्य झाल्यास तो लेखी घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात सुटे भाग मिळतात. ऑर्केस्ट्रा आणि साउंड सिस्टिमवाल्यांना चांगले मेकॅनिक माहीत असतात, त्यांना विचारा.

हिशेब सोपा आहे. तुम्ही दिलेली किंमत अधिक दुरुस्तीचा खर्च ही बेरीज त्याच मॉडेलच्या चांगल्या जुन्या अ‍ॅम्पच्या बाजारभावापेक्षा कमी असेल तर दुरुस्त करा. जास्त असेल तर परत द्या किंवा फरक मागा. जॅक, पॉट, पंखा ही कामं लहान. पॉवर ट्रान्झिस्टर आणि स्पीकर रिकोनिंग मध्यम. ट्रान्सफॉर्मर महाग. वजनाला हलक्या क्लास-डी अ‍ॅम्पमध्ये मात्र अनेकदा पूर्ण बोर्डच बदलावा लागतो आणि तो मिळणं कठीण असतं.

विकणाऱ्याशी कसं बोलायचं?

पहिल्या एक-दोन दिवसांतच बोला. जितका उशीर, तितकं "तुमच्याकडेच बिघडला" हे उत्तर सोपं होतं. फोनवर बोललात तरी नंतर मेसेज पाठवा. असा:

"नमस्कार. रविवारी तुमच्याकडून घेतलेला अ‍ॅम्प वीस मिनिटांनी बंद पडतोय. केबल, गिटार आणि प्लग बदलून पाहिले, व्हिडिओ सोबत आहे. मेकॅनिकने दुरुस्तीचा अंदाज दिलाय, तोही पाठवतोय. एकतर अ‍ॅम्प परत घ्या, किंवा दुरुस्तीचा निम्मा खर्च द्या. शनिवारपर्यंत कळवाल का?"

यात आरोप नाही, पुरावा आहे आणि दोन पर्याय आहेत. विकणाऱ्यालाही कदाचित बिघाड माहीत नसेल. वर्षभर कोपऱ्यात पडलेला अ‍ॅम्प त्याने फक्त दोन मिनिटं लावून पाहिला असेल.

कायदा काय म्हणतो?

इथे विकणारा कोण, हे महत्त्वाचं आहे.

*दुकानदार किंवा जुन्या वाद्यांचा व्यापारी असेल तर:* ग्राहक संरक्षण कायदा, 2019 लागू होऊ शकतो. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार करा. नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

*घरगुती विक्रेता असेल तर:* हा कायदा सहसा उपयोगी पडत नाही. वस्तू विक्री कायदा, 1930 नुसार दर्जा पाहून घेणं ही मुळात खरेदीदाराची जबाबदारी. पण वस्तू वर्णनाप्रमाणे असायला हवी. जाहिरातीत '300 वॅट, उत्तम चालू' लिहिलं आणि ती तशी नसेल, तर तुमची बाजू मजबूत होते. करार कायदा, 1872 नुसार नुसतं गप्प राहणं सहसा फसवणूक ठरत नाही, पण दोष माहीत असून लपवणं किंवा मुद्दाम खोटं सांगणं ठरू शकतं. छोट्या रकमेसाठी दिवाणी दावा परवडत नाही, म्हणून समझोत्याचा प्रयत्न आधी करा.

पैसे घेऊन अ‍ॅम्प पाठवलाच नाही, तर तो वेगळा मामला आहे. लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा. तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

पुढच्या वेळी घेताना

- "आधी दुरुस्ती झालीय का? काही दोष आहे का?" हे मेसेजवरच विचारा. उत्तर लेखी राहतं.
- जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. विकल्यावर ती काढून टाकली जाते.
- स्वतःची बास आणि केबल घेऊन जा आणि किमान अर्धा तास वाजवा.
- प्रत्येक बटण फिरवा, प्रत्येक जॅक वापरा, सगळ्यात जाड तार मोठ्या आवाजात वाजवा.
- मागची पट्टी वाचा: व्होल्ट आणि किमान ओहम.
- पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे विकताना लक्षात ठेवा.

अर्धा तास वाजवू देत नसेल, तर तो अ‍ॅम्प कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.