फ्रायबर्ग : खाण आणि विद्यालय

सॅक्सनीतील एर्त्सगेबिर्ग पर्वताच्या उत्तर उतारावर वसलेल्या फ्रायबर्ग नगराची हकीकत चांदीपासून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु या नगराला चांदीने जितके घडविले त्याहून तिच्या दुर्मिळतेने अधिक घडविले, असे माझे मत आहे. ११६८ च्या सुमारास, जंगल तोडून नुकत्याच वसविलेल्या ख्रिस्तियन्सडोर्फ नामक खेड्याजवळ रौप्ययुक्त शिशाचे खनिज आढळले. मिठाच्या गाड्या हाकणाऱ्यांना ते चाकोरीत उघडे पडलेले दिसले, ही आख्यायिका. मुलुखाचा धनी मार्कग्राफ ओटो याने, राजभाग खजिन्यात भरण्याच्या अटीवर, वाटेल त्याला खनिज शोधण्याची मोकळीक दिली आणि हार्त्स पर्वतातील कसबी खाणकामगार तेथे लोटले, हा इतिहास. त्या संपत्तीची साक्ष १२३० च्या आसपास घडविलेले तेथील मुख्य चर्चचे ‘सुवर्णद्वार’ अजून देते.

वरच्या थरांतील चांदी सरली, खाणी खोल गेल्या, आणि दोन अडचणी उभ्या राहिल्या : पाणी फार, लाकूड थोडे. पहिलीवर इलाज म्हणून डोंगरातील तळ्यांपासून पाट काढून चक्रे फिरविली, म्हणजे काट्याने काटा काढावा तसे पाण्यानेच पाणी उपसले. लाकडाचा प्रश्न अधिक बिकट होता, कारण टेकू आणि भट्ट्या मिळून अरण्येच्या अरण्ये गिळीत होत्या. खाणखात्याचा मुख्य अंमलदार हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स याने १७१३ मध्ये ग्रंथ लिहून, जितके वन नव्याने वाढेल तितकेच तोडावे, असे प्रतिपादन केले. आज जगभर शाश्वत विकासाची जी चर्चा चालते तिचे एक मूळ या हिशेबी चिंतेत आहे.

सप्तवार्षिक युद्धाने सॅक्सनीची दौलत रिकामी झाली, १७६२ ची एक मोठी लढाई तर फ्रायबर्गच्याच वेशीवर झाली. तेव्हा खाणींतून पुन्हा उत्पन्न काढायचे तर नुसती वहिवाट पुरणार नाही, शास्त्र जाणणारे अधिकारी हवेत, हे हायनित्स व ओपेल या दोघा मुत्सद्द्यांनी ओळखून १७६५ मध्ये बेर्गअकाडेमीची, म्हणजे खाणविद्यालयाची, स्थापना करविली. १७७५ पासून तेथे शिकविणाऱ्या आब्राहाम वेर्नर याने, जवळजवळ सर्व खडक आदिसागराच्या पाण्यातून निर्माण झाले असा सिद्धांत मांडला. तो चुकीचा ठरला, आणि ठरविणाऱ्यांत हुम्बोल्ट व फॉन बुख हे त्याचेच शिष्य होते. गुरूचे याहून मोठे यश कोणते, हे मला ठाऊक नाही!

या विद्यालयाच्या प्रयोगशाळांतील दोन प्रसंग मला विशेष प्रिय आहेत. १८६३ मध्ये फेर्डिनांड राइश हा जस्ताच्या खनिजाचे परीक्षण करीत होता. तो वर्णांध असल्याने वर्णपट पाहण्याचे काम त्याने सहकारी थिओडोर रिश्टरवर सोपविले, आणि रिश्टरला अपरिचित निळी रेषा दिसून इंडियम हे मूलद्रव्य सापडले. पुढे क्लेमेन्स विंक्लरपुढे जवळच्या हिमेल्सफुर्स्ट खाणीतून नव्याने सापडलेले एक खनिज आले. पृथक्करणात सुमारे सात टक्के वजनाचा हिशेब काही केल्या जुळेना. एखाद्या कंटाळलेल्या कारकुनाने ती तूट खर्ची टाकली असती. विंक्लरने महिनोन्‌महिने झुंज देऊन १८८६ मध्ये जर्मेनियम वेगळे काढले, आणि मेंडेलेयेव्हने १८७१ मध्ये वर्तविलेले मूलद्रव्य ते हेच, असे ठरले.

दरम्यान खाणींचे पाणी एकदाचे निकालात काढण्यासाठी १८४४ मध्ये आरंभिलेला रोथशोनबेर्गचा बोगदा १८७७ मध्ये पुरा झाला. पण तोवर जर्मनीने सुवर्णमान पत्करला होता, चांदीचा भाव घसरू लागला होता, आणि १९१३ मध्ये रौप्यखनन थांबले. शिसे व जस्त यांसाठी खाणी पुन्हा चालल्या, त्याही १९६९ मध्ये बंद पडल्या. विद्यालयाने मात्र ‘राइशे त्सेखे’ ही खाण शिकविण्यासाठी राखली आहे. तेथे विद्यार्थी भूमापन व खनन शिकतात, आणि त्या खाणपट्ट्याचे पाणी वाहून नेण्याचे काम तो उशिरा पुरा झालेला बोगदाच आजही करतो.