वातानुकूलन, घरगुती (मुंबई उपनगरे)

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतील घरांसाठी कमी विजेत चालणारी थंडाव्याची साधने निवडणे. घर उबदार ठेवण्याची सोय येथे लागत नाही. सांताक्रूझ वेधशाळेत 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश सेल्सिअसची नोंद झाली, पण जानेवारीचे सरासरी किमान तापमान 17 अंशांच्या आसपास असते. ‘हॉट अँड कोल्ड’ एसीसाठी जादा पैसे मोजू नयेत.

उपनगरांचा खरा त्रास दमट हवेचा. घाम वाळत नाही, म्हणून 33 अंशांतही जीव कासावीस होतो. नागपूर-अकोल्यात उत्तम चालणारा कूलर येथे खोलीतला दमटपणाच वाढवतो. एसीच्या थंड कॉइलवर मात्र हवेतील बाष्पाचे पाणी होऊन नळीवाटे निघून जाते. हे काम कॉम्प्रेसर चालू असेपर्यंतच होते. खोलीपेक्षा मोठा, साधा एसी चटकन गारवा करून बंद पडतो आणि हवा गार पण ओलसर राहते. ‘दीड टनच घ्या, पुढे त्रास नको’ हा दुकानातला सल्ला म्हणूनच तपासून घ्यावा. गच्चीखालच्या घराला किंवा दुपारभर तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला तो लागू पडतो, सरसकट नाही.

इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर गरजेनुसार वेग कमी करून सलग चालतो. या हवामानाला तो योग्य. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे आयएसईईआर या हंगामी ऊर्जा कार्यक्षमतेच्या गुणोत्तरावर ठरतात. त्यासाठी वर्षाला 1600 तासांचा वापर आणि 24 ते 43 अंशांचे बाहेरचे तापमान धरलेले असते. मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात रात्रभर एसी चालवणाऱ्या घरात जास्त ताऱ्यांची जादा किंमत लवकर वसूल होते. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात, तेव्हा लेबलवरचे वर्ष आणि आयएसईईआरचा आकडा दोन्ही वाचावेत.

मुलुंडमध्ये महावितरण, अंधेरी-बोरिवलीत अदानी किंवा टाटा पॉवर. वीज कोणाचीही असो, महिन्याच्या 100, 300 व 500 युनिटांनंतर दर चढतो. एसीची युनिटे सहसा वरच्या टप्प्यात पडतात, म्हणून बचतीचा हिशेब त्याच दराने करावा.

पंख्याकडे फार दुर्लक्ष होते. जुना छतपंखा सुमारे 75 वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला साधारण 16 युनिटे वाचतात. पंखा चालू ठेवून एसी 26 वर लावता येतो. ब्यूरोच्या अंदाजानुसार तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 1 जानेवारी 2020 पासून तारांकित खोली-एसी सुरू होताना 24 वर असावेत, असा नियम आहे.

उत्तम यंत्रही चुकीच्या जागी वाया जाते. जुन्या सोसायट्यांच्या अरुंद डक्टमध्ये आउटडोअर युनिटे एकावर एक टांगलेली असतात. खालच्याची गरम हवा वरचे युनिट ओढून घेते आणि त्याचा कॉम्प्रेसर धापा टाकत राहतो. युनिट मोकळ्या, शक्यतो सावलीच्या भिंतीवर लावून घ्यावे. वर्सोव्यासारख्या किनाऱ्याजवळच्या भागात खारी हवा कॉइल खाते. गंजरोधक लेप असलेले तांब्याचे कॉइल घ्यावे.

गच्चीखालचे घर वगळता दहा बाय बाराच्या झोपायच्या खोलीला एक टनाचा पाच तारांकित इन्व्हर्टर एसी आणि बीएलडीसी पंखा पुरेसा होतो.