औसा परिसरातील वैरणीची स्थित्यंतरे

औशाच्या काळ्या रानात ज्वारी केवळ धान्यासाठी कधीच पेरली जात नसे. कणीस माणसाचे व ताट जनावराचे, अशी तिची वाटणी असे. देवणी बैल ह्या कडब्यावरच पोसला गेला. १९६४ साली प्रसृत झालेल्या सीएसएच-१ ह्या संकरित वाणाने धान्य वाढविले, परंतु त्याचे ताट आखूड होते. हिशेब मांडणाऱ्यांनी क्विंटल मोजले, पेंढ्या मोजल्या नाहीत, असे म्हणणे भाग आहे. पुढे सोयाबीनने खरीप ज्वारीची जागा घेतली आणि कडब्याचा मूळ आधारच खचला.

२०१६ साली लातुरास रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी उसाचे वाढे हा वैरणीचा मोठा आसरा ठरतो. त्यांतील ऑक्झॅलेट जनावराच्या शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते; म्हणून त्यांवर चुन्याची निवळी शिंपडण्याची शिफारस केली जाते. तुरीची गुळी व सोयाबीनचे भुसकट ही त्याहून जवळची साधने होत. पैकी गुळी जुनीच. भुसकटाकडे मात्र अनेकांनी दीर्घकाळ जाळण्याचा कचरा म्हणूनच पाहिले. रब्बीची मालदांडी अद्याप उंच ताटाची आहे, आणि धान्याला भाव नसला तरी कित्येक शेतकरी ती कडब्यासाठी पेरतात.