शहाबादचा दगड आणि मुंबईची घरे

बिदरचा मदरसा महमूद गवानने उभारला, हे आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु ज्या घरांत माणसे जन्मली आणि संसार करून गेली, ती कोणी आखली व कोणी बांधली, हे सहसा कोणी विचारीत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईची घरे घडविणाऱ्यांची हकीकत या सीमाभागातील वाचकांस परकी वाटू नये. तिचा एक धागा आपल्याच मातीत आहे.

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि कोंदट, अंधाऱ्या खोल्यांचे भीषण रूप सर्वांसमोर उघडे पडले. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. रुंद रस्ते आणि दोन इमारतींमध्ये उजेडापुरते अंतर या तत्त्वांवर दादर-माटुंग्याची नवी वस्ती आखली गेली. 1920 नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे काँक्रीटच्या 207 चाळी बांधल्या. मध्यमवर्गास हवेशीर बिऱ्हाड आणि कामगारास एक खोली, असा हा न्याय होता.

याच सुमारास घराचा विचार एतद्देशीयांच्या हाती आला. पुण्याचे अभियंते रावसाहेब आर. एस. देशपांडे यांनी 1931 पासून भारतीय हवामानास व मध्यमवर्गाच्या ऐपतीस साजेशा घरांवर नकाशांसह ग्रंथ लिहिले. ज्यास वास्तुविशारद परवडत नव्हता, त्याच्या हाती निदान पुस्तक आले. मुंबईत जी. बी. म्हात्रे (1902–1973) यांनी ओव्हल मैदानासमोरील एम्प्रेस कोर्टसारख्या निवासी इमारती घडविल्या. 1937 साली वास्तुविशारदांच्या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घरांचे प्रदर्शनही भरविले.

या साऱ्या बांधणीस दगड व सिमेंट हवे होते. भीमेच्या खोऱ्यातील चुनखडी थराथरांनी सुटते. पाथरवटाच्या छिन्नीने तिची सपाट फरशी निघते. 1871 साली लोहमार्ग सोलापूरहून रायचूरपर्यंत पोहोचला आणि वाटेवरच्या शहाबादची फरशी दूर जाऊ लागली. मराठी घरांतील अंगणे, मोऱ्या आणि ओटे यांवर ती इतकी रुळली की ‘शहाबादी’ हा शब्द गावापासून सुटून वस्तूचेच नाव बनला. त्याच चुनखडीमुळे शहाबादेस सिमेंटचा कारखाना निघाला. 1936 मध्ये एसीसीत विलीन झालेल्या कंपन्यांत शहाबाद सिमेंट कंपनी होती.

2018 साली ओव्हलच्या इमारतींस जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या चाळी मात्र पाडल्या जात असून तेथे मनोरे उभे राहत आहेत. म्हात्र्यांचे नाव टिकले, कारण त्यांचे नकाशे टिकले. खाणीत राबणाऱ्या पाथरवटांची व चाळींवरील गवंड्यांची नावे कोणत्याच कागदावर उतरली नाहीत.

हाच प्रसंग आपल्या गावांवरही आला आहे. जुने वाडे पडतात, तुळया विकल्या जातात आणि बांधकामाच्या हिशेबाच्या वह्या रद्दीत जातात. ग्रंथालयाने पुस्तके जपली, तसेच हे कागदही जपले पाहिजेत. सभासदांच्या घरी असा एखादा नकाशा, करारनामा किंवा मजुरांची हजेरीवही असेल, तर ती या वास्तूत आणून द्यावी. ज्यांनी छप्पर दिले त्यांची नावे लिहून ठेवणे, हे शताब्दीस शोभणारे कार्य होईल.