बावीस श्रुती आणि पाच पिना

चाकण-भोसरीच्या श्रोत्यांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. एका कारखान्यातला बोल्ट दुसऱ्या कारखान्याच्या नटात बसतो, कारण आट्यांचे माप आधी ठरलेले असते. विजेच्या वाद्यांच्या जगात असे ठरलेले माप १९८३ सालापर्यंत नव्हते. मुंबईच्या चरणजीत सिंगांनी १९८२ साली रोलंडची यंत्रे घेऊन दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्या काळी अशी यंत्रे एका ठेक्यात चालवावयाची, तर ती बहुधा एकाच घरची असावी लागत.

१९८३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील एका प्रदर्शनात अमेरिकन प्रॉफेट-६०० आणि जपानी ज्युपिटर-६ ही प्रतिस्पर्ध्यांची वाद्ये एका दोरीने जोडली गेली. एकाची पट्टी दाबताच दुसरे बोलू लागले. डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ठरलेली ही भाषा म्हणजे मिडी. पाच पिनांच्या त्या दोरीतून नाद मुळीच जात नाही. कारखान्यात जसा नकाशा पाठवितात, वस्तू नव्हे, तसा येथे निरोप जातो: अमुक क्रमांकाची पट्टी, अमुक जोराने दाबली. निरोप अंकांचा असल्यामुळे संगणकाला तो साठविता येतो, दुरुस्त करता येतो. १९८५ च्या अटारी एसटी संगणकाला तर मिडीची भोके जन्मतःच होती.

मात्र हे माप ठरविणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पियानो होता. ० ते १२७ असे स्वरांचे क्रमांक, सप्तकाला बारा. आणि येथेच आपले जुने भांडण पुन्हा दारात येते.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा लाभला होता. देवल व क्लेमंट्स यांच्या प्रयत्नांतून लंडनमध्ये श्रुतींची पेटी तयार झाली. ती घरोघर गेली नाही. बारा पट्ट्यांचीच पेटी गेली. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत. ही बंदी अतिरेकी होती असे मला वाटते, पण तिच्यामागचे दुखणे खोटे नव्हते.

मिडीत स्वर वाकविण्याचा निरोप आहे. त्याचे १६,३८४ टप्पे आहेत. मींडेला ते पुष्कळ झाले. अडचण निराळीच आहे. तो निरोप एका वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदम वाकवितो. षड्ज स्थिर ठेवून वर दरबारीचा गांधार डोलवावयाचा, तर दोघांना दोन वाहिन्या द्याव्या लागतात. आणि एका दोरीत वाहिन्या सोळाच. पेटीवाल्याने भाता दोन हातांनी ओढावा, तसला हा खटाटोप! २०१८ साली स्वरागणिक वाहिनी देण्याची रीत अधिकृत झाली. २०२० च्या मिडी २.० मध्ये प्रत्येक स्वराची उंची स्वतंत्रपणे सांगण्याची सोय आली. देवलांच्या ग्रंथाला तेव्हा ११० वर्षे झाली होती.