दोन तारा, एक वाट : भारताच्या सागरी जोडणीची दीडशे वर्षे

६ सप्टेंबर २०२५ रोजी तांबड्या समुद्रात, जेद्दा बंदराच्या परिसरात, सी-मी-वी ४ आणि आयमीवी या दोन सागरी केबल तुटल्या. भारत, पाकिस्तान आणि आखाती देशांत इंटरनेट मंदावले. मायक्रोसॉफ्टने आपल्या अझूर सेवेच्या ग्राहकांना विलंबाची सूचना दिली. आपल्याकडे ही बातमी फार दिवस टिकली नाही, कारण इंटरनेट मंदावले होते, बंद पडले नव्हते. मंदावणे आणि बंद पडणे यांतील हे अंतर मात्र सहज मिळालेले नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यात एकच चूक पुन्हापुन्हा झालेली दिसते. ती म्हणजे तारा मोजणे आणि वाटा मोजायला विसरणे.

हा इतिहास इंटरनेटच्या कितीतरी आधी सुरू होतो. १८५७ च्या उठावानंतर लंडनच्या राज्यकर्त्यांना हिंदुस्थानशी थेट तारेची निकड भासू लागली. १८६४ मध्ये इराणच्या आखातातून तार टाकण्यात आली आणि ती तुर्कस्तानच्या तारांना जोडली गेली. संदेश पोहोचायला कित्येक दिवस लागत आणि वाटेतल्या इंग्रजी न जाणणाऱ्या तारमास्तरांच्या हातून मजकुराची पार दुर्दशा होई. मग सीमेन्स बंधूंनी प्रशिया, रशिया आणि इराण यांतून तेहरानपर्यंत दुसरी तार उभारली; ती १८७० च्या आरंभी सुरू झाली. कागदावर आता दोन मार्ग झाले. पण नकाशा उघडून पाहावा : तेहरानहून दक्षिणेस बुशहरला उतरलेली ही नवी तार पुढे कराचीकडे येताना त्याच आखाती वाटेला लागत होती. युरोपात शेकडो मैल दूर असलेल्या दोन तारा शेवटच्या टप्प्यात एकत्र आल्या होत्या.

खऱ्या अर्थाने वेगळी वाट त्याच वर्षी समुद्रातून आली. ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने फेब्रुवारी १८७० मध्ये मुंबईहून एडनकडे तार अंथरायला सुरुवात केली. पुढे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर असे टप्पे गाठत जूनमध्ये मुंबई आणि इंग्लंड समुद्रमार्गे जोडले गेले. पाठोपाठ मद्रासहून पेनांगमार्गे सिंगापूरकडे जाणारी तारही पडली. मुंबईहून पश्चिमेस सुएझकडे आणि मद्रासहून पूर्वेस सिंगापूरकडे, या दोन दिशा लक्षात ठेवाव्यात. आजचे भारतीय इंटरनेट मुख्यतः याच दोन दिशांवर उभे आहे. तांब्याची जागा काचेच्या तंतूने घेतली, पण समुद्राचा आकार तोच राहिला.

भारतातील इंटरनेटची सुरुवात मात्र एकाच धाग्याने झाली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनसीएसटी, हे प्रवेशद्वार होते. १९८९ मध्ये तेथून अमेरिकेतील यूयूनेटशी सेकंदाला ९.६ किलोबिट क्षमतेची भाड्याची लाइन जोडण्यात आली. आज एक साधे छायाचित्र जायला तिच्यावरून कित्येक मिनिटे लागली असती, आणि देशभरातील संशोधकांचे ईमेल तिच्यावर अवलंबून होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी सेवा खुली केली. १९९८ मध्ये खाजगी सेवादात्यांना परवानगी मिळाली. २००२ मध्ये चेन्नई ते सिंगापूर अशी सुमारे ३,२०० किलोमीटरची आय-टू-आय केबल आली आणि १८७० च्या दशकातील पूर्वेची वाट नव्या रूपात पुन्हा जिवंत झाली. ती वेळेवर आली, असे म्हणावे लागेल. जून २००५ मध्ये कराचीजवळ सी-मी-वी ३ ही केबल बिघडली, तेव्हा शेजारच्या पाकिस्तानचा जगाशी असलेला इंटरनेट संपर्क जवळजवळ पूर्ण तुटला होता.

येथे थोडे थांबून यंत्रणा समजून घेऊ. संकेतस्थळे ज्यांच्या यंत्रांवर राहतात त्या होस्टिंग कंपन्या किमान दोन वेगवेगळ्या वाहक कंपन्यांकडून जोडणी घेतात आणि आपले पत्ते दोन्हीकडे जाहीर करतात. एक जोडणी गेली की जगभरचे राउटर दुसरीकडून येऊ लागतात. ही देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते त्या बीजीपीचा पहिला आराखडा १९८९ मध्ये कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालांवर मांडला होता. हा आराखडा अत्यंत कल्पक आहे, पण त्याला एक गोष्ट दिसत नाही. बीजीपीला कोणत्या जाळ्यामागून कोणते जाळे येते तेवढे कळते. ती जाळी कोणत्या समुद्रातून, कोणत्या रस्त्याखालून जातात हे त्याला ठाऊक नसते. दोन कंपन्यांच्या केबल एकाच चरात शेजारी शेजारी पुरलेल्या असल्या, तरी त्याच्या दृष्टीने त्या दोन स्वतंत्र वाटाच असतात. मग रस्ता खणणाऱ्या यंत्राचा एकच फटका दोन्ही ‘पर्याय’ संपवतो.

३० जानेवारी २००८ रोजी हेच समुद्रात घडले. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग युरोप-एशिया या केबल काही तासांच्या अंतराने तुटल्या. मालक वेगळे, करार वेगळे, देयके वेगळी. पण भूमध्य समुद्रातून तांबड्या समुद्रात जायचे तर इजिप्तची चिंचोळी भूमी ओलांडावीच लागते. त्यामुळे दोन्ही केबल एकाच उंबरठ्यावर आल्या होत्या. भारताची सुमारे निम्मी आंतरराष्ट्रीय क्षमता नाहीशी झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. दोन दिवसांनी दुबईजवळ फाल्कन केबलही तुटली. दुरुस्तीला गेलेल्या पथकाला तेथे कित्येक टन वजनाचा, टाकून दिलेला नांगर सापडला. घातपाताच्या तर्ककुतर्कांना तेव्हा ऊत आला होता, आणि उत्तर निघाले एक गंजका नांगर! अलेक्झांड्रियाच्या बाबतीत मात्र त्या जागी जहाजे नव्हतीच, असे इजिप्तच्या सरकारने सांगितले.

ज्या भारतीय कंपन्यांनी चेन्नई–सिंगापूरची वाट आधीच घेऊन ठेवली होती, त्यांनी आपली वाहतूक पूर्वेकडे वळवली. सिंगापूर, प्रशांत महासागर, अमेरिका आणि मग अटलांटिक ओलांडून युरोप. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १०,००० किलोमीटरच्या वळशामागे जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद वाढतात. पृथ्वीला उलटी प्रदक्षिणा घालूनही उत्तर अर्ध्या सेकंदाच्या आसपास मिळते. त्रासदायक, पण चालण्यासारखे. ज्यांच्याकडे पश्चिमेच्या दोन केबल होत्या आणि पूर्वेची एकही नव्हती, त्यांनी पर्यायी व्यवस्थेचे पैसे मोजले होते आणि व्यवस्था मात्र मिळाली नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरात सिसिलीजवळ तीन केबल पुन्हा एकदम तुटल्या. यावरून धडा किती घेतला गेला याचा अंदाज यावा.

आज चित्र पुष्कळ सुधारले आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२३ च्या शिफारशींनुसार भारतात १७ आंतरराष्ट्रीय सागरी केबल १४ केंद्रांवर उतरतात. ही केंद्रे मात्र पाचच शहरांत आहेत : मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम. मुंबईतील बहुतेक केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात. म्हणजे १७ हा आकडा वाचताना तो वाटांचा नव्हे, तारांचा आहे हे ध्यानात ठेवावे लागते. अंदमानची स्थिती याहून नाजूक. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नई–पोर्ट ब्लेअर केबलचे उद्घाटन होईपर्यंत तेथील सारा भार उपग्रहावर होता. केबल आली म्हणून उपग्रहाची गरज संपली असे नाही. उपग्रहाची क्षमता कमी असली, तरी त्याची वाट समुद्रतळावरून जात नाही.

आणि वाट तुटल्यावर ती पुन्हा जोडणे हा तंत्रज्ञानाइतकाच राजकारणाचाही प्रश्न असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्षेपणास्त्राचा मारा झालेले ‘रुबिमार’ हे मालवाहू जहाज नांगर ओढत तांबड्या समुद्रात भरकटले, आणि सीकॉम, ईआयजी आणि एएई-१ या तीन केबल तुटल्या. तिन्ही मुंबईला येणाऱ्या. तुटलेले टोक समुद्रतळावरून उचलून तंतू सांधण्याचे काम दुरुस्ती जहाजावर काही दिवसांत होते. या वेळी येमेनच्या पाण्यात शिरण्याची परवानगी मिळवण्यात महिने गेले.